साखर उतारा आणि कामगाराचे शिक्षण : अहमदनगर जिल्ह्यातील सहकारी कारखान्यांच्या संदर्भात

साखर कारखान्याच्या कार्यक्षमतेचा विचार करताना यंत्रसामग्री, भांडवल आणि उसाचा पुरवठा या तीन गोष्टींकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण या तीनही गोष्टी आकड्यांत मांडता येतात. चौथी गोष्ट, म्हणजे त्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला आपले काम कितपत येते ही, ताळेबंदात कोठेच दिसत नाही. प्रस्तुत लेखात या चौथ्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) निवडण्याचे कारण उघड आहे. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा उगम याच जिल्ह्यात झाला. आणि कामावरील शिक्षण कोठवर पोहोचले व कोठे येऊन थांबले, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

प्रश्न किती मोलाचा आहे हे एका साध्या गणितावरून समजेल. एखादा कारखाना हंगामात पाच लाख टन ऊस गाळतो असे धरू. त्याचा उतारा, म्हणजे शंभर टन उसामागे हाती येणारी साखर, केवळ एक दशांश टक्क्याने घसरला, तर पाचशे टन साखर नाहीशी होते. २०१९ साली ठरविलेल्या किलोस एकतीस रुपये या किमान विक्रीदराने तिची किंमत एक कोटी पंचावन्न लक्ष रुपये होते. उसाचा कायदेशीर दरही २००९-१० च्या हंगामापासून 'रास्त व किफायतशीर दर' या नावाने उताऱ्याशी बांधलेला असून, तो उतारा एकेका शेतकऱ्याच्या उसाचा नसतो, साऱ्या कारखान्याचा असतो. अर्थात रात्रपाळीच्या एका कामगाराकडून झालेली चूक ज्याने उत्तम ऊस पिकविला त्या सभासदाच्याही बिलातून वजा होते. आणि आपल्या बिलातून काय वजा झाले हे त्याला कधीच कळत नाही.

१९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर उसाची लागवड स्थिरावली. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना त्याआधीचा. १९३२ च्या संरक्षक कायद्याने खाजगी कारखान्यांना नवी उभारी आली, आणि टिळकनगरचा कारखाना त्या दशकातला. सामान्य बागाईतदार मात्र गुऱ्हाळावरच अवलंबून होता व गुळाचे भाव कोसळले की त्याच्याबरोबर कोसळत होता. या परिस्थितीतून लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. 'पहिला' हा शब्द येथे जपून वापरावयास हवा. आंध्रातील एटिकोप्पाका येथे सहकारी कारखाना १९३० च्या दशकातच निघाला होता. तथापि जिची परंपरा पुढे टिकली व महाराष्ट्रभर पसरली, अशी चळवळ लोणीपासूनच मोजावी लागते. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून भागभांडवल जमविले, आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी आरंभीच्या काळात कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळले.

भांडवल जमले, ऊस होताच. नव्हते ते कौशल्य. साखर तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण देणारी देशातील प्रमुख संस्था १९३६ पासून कानपूरला होती, आणि प्रवरेकाठच्या शेतकऱ्याच्या मुलास ती भूगोलाच्या दृष्टीने जितकी दूर, त्याहून भाषेच्या दृष्टीने अधिक दूर होती. परंतु या शेतकऱ्यांना कौशल्याची पारखच नव्हती, असे मात्र समजू नये. गुऱ्हाळावर ज्याने दिवस काढले आहेत त्याला गुळव्या म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. रस किती आटला, निवळी कधी घालावी, मळी केव्हा काढावी आणि कढई नेमकी कोणत्या क्षणी उतरावी, हे गुळव्याच्या डोळ्यावर ठरे. तो क्षण चुकला की सारी कढई हलक्या भावात जाई. चांगल्या गुळव्याला शेतकरी मान देत व त्याचे हट्टही सोशीत. कारखान्यात गुळव्याची जागा पॅनमनने घेतली, आणि तिचे महत्त्व सभासदांना पटवून देण्याची फारशी गरज पडली नसावी.

पॅनमनचे काम थोडे तपशिलाने पाहणे अवश्य आहे. कारण कामावरील शिक्षणाच्या साऱ्या अडचणी त्यात एकवटलेल्या आहेत. शुद्ध केलेला व आटविलेला रस निर्वात पॅनमध्ये आणखी आटविला जातो. त्याची संपृक्तता एका मर्यादेपलीकडे गेली की त्यात साखरेच्या अतिसूक्ष्म कणांचे बीज सोडतात, आणि मग त्याच कणांवर साखर चढत राहील अशा बेताने नवा रस घेत जातात. रस बेताहून अधिक आटला तर मूळ दाण्यांखेरीज नवे, नको असलेले बारीक दाणे आपोआप धरतात. कारखान्याच्या भाषेत यालाच खोटा दाणा म्हणतात. रस पातळ झाला तर धरलेला दाणा विरघळू लागतो. खोटा दाणा पुढे सेंट्रिफ्युगल यंत्राच्या जाळीतून मळीबरोबर निसटतो किंवा जाळीच बुजवितो. तो विरघळवावयाचा तर पाणी घालावे लागते, आणि ते पाणी पुन्हा आटविण्यासाठी वाफ जाळावी लागते. पॅनमन मधून मधून नमुना काढून काचपट्टीवर पसरतो, उजेडाकडे धरून दाणा पाहतो, अंगठा व तर्जनी यांत धरून तार पाहतो आणि झडप किती उघडावयाची ते ठरवितो. आज अनेक ठिकाणी मापक यंत्रे व स्वयंचलित नियंत्रणे आली आहेत. पण मापक बिघडले की कारखाना पुन्हा त्या काचपट्टीवर येतो.

हे काम शिकण्याची जुनी रीत म्हणजे उस्तादाजवळ उभे राहणे. या रीतीला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. हाताचे व डोळ्याचे ज्ञान पुस्तकातून येत नाही, हे सर्वमान्य आहे. तिचा दोष दुसराच आहे. उस्ताद काय करतो ते शिकाऊ माणसाला दिसते, तो ते का करतो हे दिसत नाही. आणि उस्तादाला ते अनेकदा शब्दांत सांगताही येत नाही. शिवाय ते सांगण्यात त्याचे हित असेलच असे नाही. आपल्याखेरीज पॅन कोणाला चालविता येत नाही, ही त्याची मिळकत असते. ती त्याने फुकट वाटावी, अशी अपेक्षा आपण प्राध्यापक मंडळींनी तरी करू नये.

या अडचणीवरचा एक व्यवहार्य उपाय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत निघाला. १९४० ते १९४५ या काळात युद्धसाहित्याच्या कारखान्यांत लाखो नवखे लोक भरती करावे लागले, आणि त्यांना शिकविण्याइतके शिक्षक कोठेच नव्हते. तेव्हा 'उद्योगांतर्गत प्रशिक्षण' या नावाची योजना निघाली. तिचे मर्म असे की, शिक्षक बाहेरून आणावयाचा नाही. पाळीवरच्या फोरमनलाच शिकविण्याची कला शिकवावयाची. शिकणाऱ्याची मनोभूमिका तयार करणे, काम टप्प्याटप्प्याने करून दाखविणे, त्याच्याकडून ते करवून घेणे आणि नंतर त्याच्यावर लक्ष ठेवून हळूहळू ते कमी करणे, अशा चार पायऱ्या तीत होत्या. १९५० च्या दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्याने ही पद्धत भारतातही आली व प्रथम कापड गिरण्यांत रुजली.

या चार पायऱ्या पाठ करणे सोपे आहे. त्यांच्याआधी जे करावे लागते, ते म्हणजे कामाची फोड, खरे कठीण. रसात चुन्याची निवळी सोडण्याचे काम घ्या. 'रसाचा सामू सातच्या आसपास ठेव' एवढे सांगितले की शिकविणे झाले, असे अनेकांस वाटते. वस्तुतः येथे तीन गोष्टी कामगाराच्या ध्यानात यावयास पाहिजेत. रस आम्ल राहिला तर तापल्यावर साखरेचे विघटन होते आणि गेलेली साखर परत येत नाही. चुना अधिक झाला तर रसातील इतर शर्करांचा नाश होऊन रंग गडद होतो व मळी वाढते. तिसरी गोष्ट अशी की, शिळा ऊस आला म्हणजे कालचे प्रमाण आज चालत नाही. ही तिसरी गोष्ट कळलेला कामगार उसाच्या गाड्यांकडे पाहूनच सावध होतो, आणि न कळलेला प्रयोगशाळेची चिठ्ठी येईपर्यंत कालचाच चुना सोडीत राहतो. शिक्षित व अशिक्षित कामगार यांतील भेद मला येथे दिसतो. प्रमाणपत्रात तो शोधण्यात अर्थ नाही.

येथून प्रश्न नेतृत्वाचा होतो. कारखाना चोवीस तास चालतो, परंतु मुख्य रसायनतज्ज्ञ व मुख्य अभियंता चोवीस तास जागे राहू शकत नाहीत. १९३० च्या दशकाअखेर कुर्ट लेविन, लिपिट व व्हाइट यांनी अमेरिकेतील मुलांच्या गटांवर जे प्रयोग केले, त्यांत असे आढळले की हुकूमशाही पद्धतीने चालविलेल्या गटांतील काम नेता खोलीबाहेर जाताच घसरते, आणि विचारविनिमयाने चालविलेल्या गटात ते बरेचसे तसेच चालू राहते. दहा वर्षांच्या मुलांवरून साखर कारखान्याविषयी अनुमान काढणे धाडसाचे आहे, हे मान्य. तरीही रात्रपाळी म्हणजे नेता खोलीबाहेर गेल्याचीच स्थिती होय. दिवसपाळी व रात्रपाळी यांच्या प्रयोगशाळेतील नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तर त्या कारखान्यातील नेतृत्वाची जात कळू शकेल, आणि त्यासाठी वेगळी प्रश्नावली काढण्याचीही गरज नाही. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी हा विचारात घ्यावा.

प्रवरेच्या आरंभकाळातील नेतृत्वाबद्दल पुष्कळ गौरवपर लिहिले गेले आहे. आम्हांस त्यातील एकच गोष्ट येथे प्रस्तुत वाटते. विखे पाटील यांना शालेय शिक्षण फारसे मिळाले नव्हते, आणि गाडगीळ तर केंब्रिजमध्ये शिकलेले अर्थशास्त्रज्ञ. अशा दोन माणसांनी एकत्र काम करावयाचे म्हणजे प्रत्येक निर्णयाचे कारण एकाने दुसऱ्याला समजेल अशा भाषेत सांगणे भाग होते. कारण सांगण्याची ही सवय संचालक मंडळाच्या खोलीतून पॅनच्या मजल्यापर्यंत उतरते की नाही, यावर संस्थेचे भवितव्य ठरते. ती कोठे उतरली व कोठे उतरली नाही, याचा निवाडा कारखानानिहाय करावा लागेल. पुढे याच परिसरात शाळा, तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्यांचा लाभ शेतकऱ्यांच्या मुलांना झाला यात संशय नाही. पण शाळा काढणे आणि पाळीवर शिकविणे ही दोन कामे आहेत, व पहिले केल्याने दुसरे केल्याचे समाधान मिळते, हा धोका राहतोच.

साखर धंद्याची एक अडचण इतर धंद्यांत आढळत नाही. गाळप वर्षातून चार-सहा महिने चालते. हंगामात पॅन तापलेला असतो, पण शिकविण्यास कोणाला सवड नसते. हंगाम संपल्यावर सवड असते, पण पॅन थंड असतो. फिटर, टर्नर यांचे शिक्षण या काळात उत्तम होते, कारण तेव्हाच गिरण्या उघडून दुरुस्तीस घेतात. प्रक्रिया विभागातील हंगामी कामगार मात्र रिटेन्शन भत्ता घेऊन घरी गेलेला असतो. आठ महिन्यांनी तो परत येतो तेव्हा हात जरा बसलेला असतो. बॉयलर पेटवून मोळी टाकल्यावर पहिल्या पंधरवड्यात जी गडबड होते तिचे सारे खापर यंत्रावर फोडले जाते. ते सर्वस्वी यंत्राचे नसावे.

दुसरी अडचण अर्थशास्त्रीय आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात सर्वत्र उपयोगी पडणारे कौशल्य व एकाच संस्थेत उपयोगी पडणारे कौशल्य असा भेद केला आहे. पहिल्या प्रकारच्या शिक्षणावर मालक खर्च करीत नाही, कारण शिकलेला माणूस अधिक वेतनावर शेजारी निघून जाऊ शकतो. पॅनमनचे कौशल्य याच प्रकारचे आहे, आणि राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या पट्ट्यात शेजारचा कारखाना दूर नसतो. सहकाराने या कोंडीतून काढलेली वाट शास्त्रीय दृष्ट्या निर्दोष आहे. कारखान्यांनी मिळून १९७५ साली पुण्याजवळ मांजरी येथे साखर संस्था स्थापन केली. आज ती वसंतदादा साखर संस्था या नावाने ओळखली जाते. शिकलेला माणूस या कारखान्यातून त्या कारखान्यात गेला, तरी खर्च सर्वांनी मिळून केलेला असल्याने कोणाचे बुडत नाही. बेकरच्या सिद्धान्ताचे इतके चोख उत्तर पाठ्यपुस्तकांतूनही क्वचित आढळते.

या शिक्षणाचे फळ मोजावयाचे कसे? १९५९ साली डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या सांगितल्या : शिकणाऱ्यास ते आवडले काय, तो काही शिकला काय, त्याची काम करण्याची रीत बदलली काय, आणि संस्थेच्या फलितात फरक पडला काय. आपल्याकडील बहुतेक अहवाल पहिल्या पातळीवरच थांबतात. चौथ्या पातळीवर जावयाचे तर उतारा हे माप तोकडे पडते. उसाची जात, वय, पाऊस, तोडणीनंतर गेलेला वेळ या सर्वांनी उतारा हलतो. २०१८ नंतर इथेनॉलसाठी साखरयुक्त मळी वळविण्यात येऊ लागल्यापासून तर निरनिराळ्या हंगामांचे उतारे सरळ ताडून पाहणेही कठीण झाले आहे. म्हणून उताऱ्याऐवजी नाश पाहावा. बगॅसमध्ये राहिलेली साखर गिरणीच्या कामगाराचे काम सांगते, प्रेसमडमधली गाळणीचे, अंतिम मळीची शुद्धता पॅनचे. आणि ज्याचा हिशेब लागत नाही तो नाश गळती, उतू जाणे व निष्काळजीपणा यांचे. हे सर्व आकडे प्रयोगशाळेत रोज लिहिले जातात. पाळीप्रमाणे ते लावून पाहण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतील.

येथपर्यंतचे विवेचन कारखान्याच्या फाटकाच्या आतले झाले. आता फाटकाबाहेर यावयास हवे, कारण साखर कारखान्यात तयार होत नाही. ती उसात तयार होऊनच येते, आणि कारखान्याच्या हाती तिचा नाश कमी करणे एवढेच असते. हा नाश फडात सुरू होतो. उसाच्या बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक, शेंड्याकडे कमी. अडीच मीटर उसाचे बुडखे पाच सेंटिमीटर वर तोडले, तर लांबीने दोन टक्के ऊस जमिनीवर राहतो आणि तो सर्वांत गोड भाग असतो. वर खोडव्याचे फुटवेही बिघडतात. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला तर वजन घटते व साखरेचे विघटन होऊ लागते. पाचट नीट न काढल्यास ते गिरणीत रस शोषून बाहेर पडते. चुना सोडणाऱ्या कामगाराला ज्या शिळ्या उसाची काळजी घ्यावी लागते, त्याची सुरुवात येथली आहे.

हे काम करणारा कामगार कोण? तो बहुधा बीड जिल्ह्यातून किंवा याच जिल्ह्यातील पाथर्डीसारख्या अवर्षणग्रस्त भागातून येतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पुरुष ऊस तोडतो; बाई पाचट काढते, मोळ्या बांधते व डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, पण हिशेबात दोघांचे मिळून नाव एकच. करार कोयत्याशी नसतो, मुकादमाशी असतो. मुकादमाने हंगामाआधी उचल दिलेली असते, आणि ती टनाच्या दराने फिटावयाची असते. खाली वाकून जमिनीलगत घाव घालण्यास वेळ लागतो, कंबर मोडते, आणि त्याबद्दल निराळा पैसा मिळत नाही. अशा माणसाला 'ऊस जमिनीलगत तोडावा' असे सांगणे म्हणजे शिक्षण नव्हे. त्याला ते ठाऊक आहेच.

१९३२ पासून पाडेगाव येथे उसावर संशोधन चालू आहे, आणि १९६८ साली राहुरीला कृषी विद्यापीठ आले. त्यांचे ज्ञान शेतकी अधिकाऱ्यापर्यंत येते, बागाईतदारापर्यंत येते, तेथून पुढे सरकत नाही. याचे कारणही बेकरच्याच विवेचनात सापडते. यंदाची टोळी पुढील वर्षी येईलच असे नाही, मग तिच्यावर खर्च कोणी करावा? पॅनमनच्या बाबतीत हाच प्रश्न कारखान्यांनी एकत्र येऊन सोडविला. तोडणी कामगाराच्या बाबतीत त्या तोडीची वाट त्यांनी काढलेली नाही, आणि यामागे तांत्रिक अडचण आहे असे मला वाटत नाही. पॅनमन हा कारखान्याचा माणूस मानला जातो. कोयत्याला तसे कोणी मानत नाही. तोडणी यंत्रे जसजशी वाढत आहेत तसतसा हा प्रश्न आपोआप मिटेल, असे म्हणणारेही आहेत. पण लहान व तुकड्यातुकड्यांच्या शेतांत यंत्र फिरत नाही, आणि तेथे कोयताच चालावयाचा.

चार पायऱ्यांची पद्धत येथे लागू करावयाची तर तिचा आरंभ मुकादमापासून करावा लागेल, कारण फडातला फोरमन तोच. त्याला कामाची फोड करावयास शिकविणे कठीण नाही. त्यातील बहुतेक जण पूर्वी स्वतः कोयता चालविलेले असतात. परंतु त्याचे कमिशन टनावर आहे, आणि टनावर कमिशन घेणारा माणूस सावकाश व जमिनीलगत तोडा असे आपल्या टोळीला सांगणार नाही. तेव्हा प्रशिक्षणाचा वर्ग भरविण्याआधी दराचा विचार करावा लागतो : बुडखे, पाचट आणि तोड ते गाळप यांतील तास पाहून टनाच्या दरात काही भर देता येईल काय, आणि ती भर मुकादमाच्या हाती न जाता जोडीतील दोघांच्या नावे कशी पोहोचेल. फडातील बुडख्याची उंची मोजण्यास एक पट्टी आणि एक चिटबॉय पुरतो. एका गटात एका हंगामापुरता हा प्रयोग करून पाहण्यास किती खर्च येईल आणि वाचलेल्या साखरेतून तो किती भरून निघेल, हे गणित कोणत्याही कारखान्याच्या शेतकी विभागास स्वतःच्या नोंदींवरून एका दिवसात मांडता येण्यासारखे आहे.